एक चमचा बेडका

मुंबईत, गोवंडीतल्या एका दवाखान्याच्या टीबी तपासणीच्या खिडकीवर सकाळी साडेदहाच्या सुमारास घडलेली ही गोष्ट. लॅबच्या ताईंनी समोर आलेली डबी उजेडाकडे धरली, जरा तिरकी केली, आत पाण्यासारखं काहीतरी हललं, आणि त्यांनी डबी परत सरकवली. "मावशी, ही लाळ आहे. बेडका पाहिजे. उद्या पुन्हा आणा." मावशींनी पदराने तोंड पुसत सांगितलं, "एवढंच निघालं हो." डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत गेली, पिशवीला गाठ बसली, रांग पुढे सरकली. आवाज चढला नाही, कुणी कुणाला दोष दिला नाही. ताईंचं चुकलं असं म्हणता येत नाही, कारण लाळ तपासून "जंतू नाहीत" असा कागद हातात देणं हे डबी परत करण्यापेक्षा वाईट. मावशींचंही चुकलं नाही, कारण त्यांना डबी मिळाली होती, ती कशी भरायची हे सांगायला कुणाला वेळ मिळाला नव्हता. तरी ती डबी डोक्यातून जात नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत टीबीच्या उपचारात जेवढं नवं घडलं, तेवढं त्याआधीच्या चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. आणि त्या सगळ्या नव्या गोष्टींचा रस्ता या खिडकीवरून, या डबीतून जातो.

म्हणून आधी डबीबद्दलच. हवा असतो तो छातीतून आलेला, घट्ट, चिकट, पिवळट किंवा हिरवट बेडका, दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे साधारण एक चमचा. सर्वांत चांगला नमुना पहाटेचा, कारण रात्रभर आडवं पडल्यावर फुफ्फुसातला स्राव साचलेला असतो. उठल्यावर दात घासायच्या, चहा प्यायच्या आणि मिश्री लावायच्या आधी साध्या पाण्याने दोन-तीन चुळा भरायच्या. मग बसून एक खोल श्वास, क्षणभर रोखून सोडायचा, दुसरा तसाच, तिसऱ्याला पोटातून जोर लावून खोकायचं. जे वर येईल ते ओठ डबीच्या कडेला न लावता आत सोडायचं. पुरेसं झालं नाही तर पाच मिनिटं थांबून पुन्हा. झाकण आटे बसेपर्यंत घट्ट, बाहेरून काही ओघळलं असेल तर पुसून घ्यायचं, आणि डबी उन्हात किंवा रिक्षाच्या तापलेल्या सीटवर न ठेवता त्याच दिवशी पोचवायची. मे महिन्यात दुपारपर्यंत लांबलेल्या नमुन्यात तोंडातले बाकीचे जंतू इतके माजतात की कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातला जंतू बाटलीत वाढवून बघायचं म्हटलं, तर क्षयाचा जंतू वाढायच्या आत तेच बाटली व्यापून टाकतात. नमुन्यात रक्त फार असेल तर तपासणीचं मशीन अडखळतं. अन्नाचे कण, गुटख्याचा लाल रंग, तंबाखूचा चुरा, यातलं काहीही चालत नाही. आणि कितीही प्रयत्न केला तरी बेडका निघत नसेल तर मिठाचं दाट पाणी, तीन ते पाच टक्क्यांचं, नेब्युलायझरने हुंगवून खोकला आणता येतो. ही सोय मोठ्या रुग्णालयांत असते. खिडकीवरून परत गेलेल्या माणसाला तिथे कुणी पाठवलं तर.

हे सगळं लिहायला सोपं आहे. करायचं कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपलेली असतात. पहाटे पोटातून खोकलं की सगळं घर जागं होतं, आणि लग्नाची मुलगी असेल तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ते ऐकू जायला नको असतं. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहून डबीत थुंकणं बाईमाणसाला जमत नाही. नियम सांगतो की मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभं राहून नमुना द्यावा. इमारतीत राहणाऱ्याला गच्चीचं कुलूप आडवं येतं, बैठ्या वस्तीत गल्लीची रुंदी. मग माणूस मोरीत तोंड घालून हळूच खाकरतो, घशापर्यंतचं येतं, आणि डबीत लाळ जमते.

रॉबर्ट कॉखने हा जंतू 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जगापुढे मांडला. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ तपासणी तीच राहिली: काचेवर थुंकी पसरायची, रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या मोजायच्या. त्या दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू लागतात. म्हणजे आजार चांगला मुरल्याशिवाय काच बोलत नाही, आणि बोलली तरी हा जंतू कुठल्या औषधाला दाद देणार नाही हे सांगत नाही. ते कळायला कल्चर लागायचं. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास घेतो, त्यामुळे द्रव माध्यमातलं कल्चरही "काही उगवलं नाही" असं म्हणायच्या आधी 42 दिवस थांबतं. तोवर पेशंट चुकीच्या गोळ्या गिळत असायचा, घरात खोकत असायचा. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट या मशीनने हे मोडून काढलं. बेडक्याच्या दुप्पट रसायन घालून हलवायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं, त्यातलं दोन मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये भरायचं. दोन तासांच्या आत मशीन सांगतं की जंतू आहे का आणि टीबीवरचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन लागू पडेल का. नव्या अल्ट्रा कार्ट्रिजला मिलिलिटरमागे सोळाच्या आसपास जंतू पुरतात. गोव्यात बनणारं, त्याच कामाचं ट्रूनॅट मशीन बॅटरीवर चालतं, त्यामुळे ते छोट्या दवाखान्यातही ठेवता येतं. पाच हजारांवरून सोळावर आलेली ही उडी विलक्षण आहे, यात शंका नाही. पण लाळेत सोळाही नसतात.

मशीनच्या कागदावरही फसायला जागा असते. जंतू फारच कमी असतील तर रिफॅम्पिसिनबद्दलचं उत्तर कधी "इनडिटरमिनेट" (सांगता येत नाही) येतं, कधी चुकून "रेझिस्टन्ट" (दाद देत नाही); अशा वेळी दुसऱ्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करावी लागते. शिवाय हे मशीन मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पकडतं. त्यामुळे उपचार चालू असताना "बरा होतोय का बघू" म्हणून खासगी लॅबमधून सीबीनॅट करून आणणाऱ्यांना पॉझिटिव्ह कागद हातात पडतो आणि घरात रडारड होते. उपचार सुरू झाल्यावर विचारायचं ते काचेला आणि कल्चरला, मशीनला नव्हे.

मुंबईला औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची ओळख नव्याने करून द्यायला नको. 2011च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या चार पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली. जानेवारी 2012मध्ये ती बातमी जगभर गेली, सरकारी पातळीवर आधी नाकारानाकारी झाली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं बंधनकारक झालं. त्या काळात एमडीआरचा, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा, उपचार म्हणजे दोन वर्षं आणि वर काही महिने. त्यातले पहिले सहा ते नऊ महिने कॅनामायसिनचं इंजेक्शन, कमरेत, रविवार सोडून रोज. बसायला जागा उरायची नाही. मळमळ इतकी की गोळ्यांचा डबा बघूनच ओकारी यायची. कानात आधी शिट्टी वाजायची, मग दारावरची बेल ऐकू येईनाशी व्हायची, आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नसे. इतकं सोसूनही बरे होणारे निम्म्याच्या आसपास. शिवडीच्या टीबी रुग्णालयाचं नाव काढलं की घरातली म्हातारी माणसं अजून गप्प होतात, त्यामागे ही सगळी वर्षं आहेत.

बेडाक्विलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर 2012मध्ये. चाळीस वर्षांनी आलेला टीबीवरच्या औषधांचा नवा वर्ग; जंतूची ऊर्जा बनवणारी यंत्रणाच बंद पाडणारा. भारतात ते बरीच वर्षं मोजक्या केंद्रांपुरतं, मोजून-मापून मिळत होतं. ते बनवणाऱ्या कंपनीचं मूळ पेटंट जुलै 2023मध्ये संपणार होतं, तेव्हा त्याच औषधाच्या क्षाररूपावर दुसरं पेटंट मागून मुदत 2027पर्यंत ओढायचा प्रयत्न झाला. त्याला 2019मध्ये हरकत घेणाऱ्या दोघी होत्या: मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनाही टीबीच्या उपचारातल्या इंजेक्शनांनी बहिरं केलं होतं. मार्च 2023मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. औषधशास्त्राच्या इतिहासात हे पान सहसा तळटीपेत जातं. माझ्या मते ते मुख्य मजकुरात हवं.

मग आला सहा महिन्यांचा उपचार, बीपाल-एम. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. चार औषधं, सगळी तोंडाने, इंजेक्शन नाही. टीबी-प्रॅक्टिकल या चाचणीत जुन्या पद्धतीच्या उपचारावर 48 टक्के पेशंटांचा निकाल वाईट लागला, नव्या चौकडीवर 11 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2022मध्ये शिफारस केली आणि भारत सरकारने सप्टेंबर 2024मध्ये ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यायला मंजुरी दिली. हिशेब असा: पहिले दोन आठवडे बेडाक्विलिनच्या शंभर मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज, त्यानंतर दोन गोळ्या आठवड्यातून तीनदा, प्रेटोमॅनिड 200, लिनेझोलिड 600 आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन 400 मिलिग्रॅम, प्रत्येकी एक गोळी रोज. एकूण 26 आठवडे, गरज पडली तर 39. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला हा उपचार नाही. गोळ्या जेवूनच घ्यायच्या. रिकाम्या पोटी बेडाक्विलिन निम्मंच अंगी लागतं. उपाशीपोटी गोळ्या घेऊन कामावर पळणारा नियमाने औषध घेतोय असं दिसतं, पण रक्तात ते पुरेसं पोचत नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिनबरोबर अँटासिड, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालत नाही, मध्ये काही तास सोडावे लागतात.

त्रास कमी झाला, संपला नाही. लिनेझोलिड हा यातला सर्वांत खडूस गडी. आधीच्या निक्स चाचणीत ते रोज 1200 मिलिग्रॅम दिलं गेलं, तेव्हा 109 पेशंटांपैकी 81 टक्क्यांना पायांत मुंग्या, जळजळ, बधिरपणा आला. म्हणून मात्रा निम्मी झाली. तरी महिन्याला रक्त तपासायचं, हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलं की औषध थांबवायचं, आणि रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचून घ्यायचे, एक डोळा झाकून, मग दुसरा. दृष्टी जाण्याआधी लाल-हिरव्यातला फरक पुसट होतो, आणि दोन्ही डोळे उघडे असले की एका डोळ्यातली खोट दुसरा झाकून टाकतो. पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवून "थरथर जाणवते का?" असं विचारायला अर्धा मिनिट लागतो. मधुमेह असलेल्याला तर हे दर वेळी विचारायलाच हवं, कारण त्याच्या नसा आधीच थकलेल्या असतात आणि तो मुंग्यांना "शुगरचं असेल" म्हणून सोडून देतो. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोघंही हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातला 'क्यूटी' नावाचा काळ लांबवतात, तो फार लांबला की ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजी. तो काळ 500 मिलिसेकंदांवर गेला की थांबायचं. इथे नेहमी होणारी गफलत अशी: पेशंटला उलटी होते, तो नाक्यावरच्या डॉक्टरकडे जातो, डॉक्टर ऑन्डॅन्सेट्रॉन देतात, घसा धरला म्हणून अझिथ्रोमायसिनही देतात. ही दोन्ही औषधंही क्यूटी लांबवतात. डॉक्टरांना टीबीच्या गोळ्यांचं कुणी सांगितलेलं नसतं, कारण पेशंटने ते गल्लीतल्या कुणालाच सांगितलेलं नसतं.

आता बेडाक्विलिनची सर्वांत अवघड बाजू. हे औषध शरीरातून निघता निघत नाही. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साडेपाच महिन्यांच्या आसपास लागतात. बाकीची तिघं फार तर काही दिवसांत निघून जातात. तिसऱ्या महिन्यात भूक परत येते, खोकला जातो, ताप जातो, माणूस गावी जातो आणि गोळ्या बंद होतात. त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या शरीरात उरलेल्या जंतूंसमोर एकटं बेडाक्विलिन असतं, तेही दर आठवड्याला विरळ होत जाणारं. जंतूंना मारायला कमी, औषध चुकवायला शिकवायला पुरेसं.

म्हणूनच कालावधी सहा महिन्यांवर आला याचा आनंद मला अर्धाच होतो. दोन वर्षांच्या उपचारात माणसं दमून सोडायची, सहा महिन्यांच्या उपचारात बरं वाटलं म्हणून सोडतील, आणि या वेळी सोडण्याची किंमत जास्त आहे. याच्या पुढची फळी जवळपास रिकामी आहे.

चौकडीतलं चौथं नावही मुंबईत डळमळीत आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिन ज्या कुटुंबातलं, त्याच कुटुंबातलं लिव्होफ्लॉक्सासिन इथे खोकल्यासाठी, जुलाबासाठी, लघवीच्या जळजळीसाठी वर्षानुवर्षं दिलं गेलं. टीबी असलेल्याला ते दिलं की आठवडाभर बरं वाटतं, निदान पुढे ढकललं जातं आणि जंतू त्या कुटुंबाला ओळखायला लागतात. मुंबईत रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या पेशंटांमध्ये या गटालाही न जुमानणाऱ्यांचा वाटा म्हणूनच मोठा. अशांचं मॉक्सिफ्लॉक्सासिन काढून तिघांवर भागवलं जातं. पण काढायचं की ठेवायचं हे ठरवायला लाइन प्रोब किंवा तसलीच जनुकीय तपासणी लागते, आणि तिला नमुना लागतो. पहिला चमचा सीबीनॅटने खाल्लेला असतो. दुसरी डबी मागायला पेशंटला फोन केला तर तो कामावर असतो.

एक नवी गंमत तर अशी की यंत्रं आता खोकला नसलेल्या माणसातही टीबी शोधतात. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या टीबीपैकी 42.6 टक्के रुग्ण छातीचा एक्स-रे काढला नसता तर निसटले असते. आता हातात मावणारी एक्स-रे मशीन वस्तीत नेता येतात आणि फोटो वाचायला संगणक आहे. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत मुंबईचीच क्युअर डॉट एआय आहे. समाजमंदिरात टेबल मांडलं की दिवसभरात शंभर-दीडशे छात्या बघून होतात. संगणक एका कोपऱ्यावर ठिपका दाखवतो, आणि पुढची पायरी: बेडका आणा. ज्याला खोकलाच नाही त्याने तो कुठून आणायचा? जिभेवरून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना चालेल का, यावर अभ्यास चालू आहेत. लहान मुलांच्या शौचातून हा जंतू शोधण्याची सोपी पद्धत तर आलीही आहे. मोठ्यांसाठी अजून छातीतून खोकणं हाच राजमार्ग.

आणि घरं. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी या मुंबईतल्या पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेला अभ्यास 2018मध्ये चर्चेत आला. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर दुपारी बारालाही ट्यूबलाइट. जिथे ऊन आणि वारा कमी, तिथे टीबी जास्त. खोकल्यातून उडालेला एक ते पाच मायक्रॉनचा थेंब बंद खोलीत तासन् तास तरंगतो, उन्हात जंतू टिकत नाही. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या माणसांना हे सांगताना सांगणाऱ्याची जीभ अडते. खिडकी उघडा म्हणावं, तर समोर तीन मीटरवर दुसऱ्याची मोरी.

याउलट ज्या संशोधनाने मला खरोखर उत्साह वाटला त्यात ना नवं औषध, ना मशीन. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने केलेल्या, ऑगस्ट 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेशन्स' चाचणीत टीबीच्या पेशंटांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांना पाहिलं गेलं. एका गटातल्या घरच्यांना माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांची गोळी. त्या घरांत नवा टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला, आणि संसर्गजन्य फुफ्फुसाचा टीबी 48 टक्क्यांनी. लशीला असा आकडा मिळाला असता तर पहिल्या पानावर आला असता. पेशंटांबद्दलचा निष्कर्षही तसाच ठोस: पहिल्या दोन महिन्यांत वजन एक टक्का वाढलं तर मृत्यूचा धोका 13 टक्क्यांनी कमी, पाच टक्के वाढलं तर 61 टक्क्यांनी.

पेशंटच्या आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे पाचशे रुपये नोव्हेंबर 2024पासून हजार झाले. पैसे बँकेत जातात, खातं आधारला जोडलेलं लागतं, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, नाव दुसऱ्या राज्यातल्या रेशनकार्डावर असलेल्या माणसाचं तिथेच अडतं. हजार रुपये पेशंटचे. चाचणीत वाचली ती घरातली बाकीची माणसं. त्यांच्यासाठीचा शिधा दात्यांच्या जोरावर चालतो, दाता मिळेल तिथे आणि मिळेल तेव्हा. 42 किलोच्या पेशंटचे पाच टक्के म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम. ते मोजायला काटा शून्यावर आणावा लागतो, चपला, ओढणी आणि मोबाइल बाजूला ठेवावे लागतात, दर वेळी काटा तोच लागतो. उपचार कार्डावर वजनाचा रकाना असतो. पहिल्या भेटीचा आकडा त्यात बहुतेकदा असतोच, कारण साध्या टीबीत गोळ्यांची मात्रा त्यावरून ठरते. दुसऱ्या महिन्याचा आकडा बऱ्याच कार्डांवर पहिल्याचीच नक्कल असतो.